ओकलंडच्या ‘ए’ज’चं चौथं बिऱ्हाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहतो. ओकलंडचं कोलिझियम स्टेडियम इथून बार्ट या लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना एका सहकाऱ्याने पहिल्यांदा तिथे नेलं, आणि मग वर्षानुवर्षं जात राहिलो. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथला ‘ए’ज’ हा बेसबॉल संघ ओकलंड सोडून गेला. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. तुम्हाला क्रिकेट कळतं एवढं धरून चाललो आहे. बेसबॉल कळत नसला तरी अडणार नाही.

हा संघ नक्की कुठला? नावाआधी गावाचं नाव का लावत नाहीत?

संघाचं पूर्ण नाव अ‍ॅथलेटिक्स, लाडाने ‘ए’ज’. स्थापना १९०१ ची, फिलाडेल्फियात. १९५५ मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला, १९६८ मध्ये ओकलंडला आला आणि ५७ हंगाम इथे राहिला. २०२५ पासून तो सॅक्रामेंटोच्या नदीपलीकडे, वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतो. २०२८ मध्ये लास व्हेगसला जायचं ठरलंय. मधल्या तीन हंगामांसाठी संघाने कुठल्याच गावाचं नाव घेतलेलं नाही. नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. २०२५ च्या गणवेशात एका बाहीवर सॅक्रामेंटोचं चिन्ह होतं आणि दुसरीवर लास व्हेगसचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे ते बाहीवर शिवलं होतं. घर सोडलेला, पण अजून कुठेच न पोचलेला संघ कसा दिसतो, हे मला त्या दोन बाह्यांवरून जितकं कळलं तितकं कुठल्याही बातमीतून कळलं नाही.

पण संघ गाव सोडून जातोच कसा? मुंबईचा रणजी संघ उद्या इंदूरला गेला असं कधी होईल का?

नाही होणार, कारण आपल्याकडे रणजीचा संघ क्रिकेट असोसिएशनचा असतो. अमेरिकेत संघ ही मालकाची खासगी मालमत्ता असते. गावाचं नाव फक्त पुढे लागतं. मालकाला बस्तान हलवायचं असेल तर बाकीच्या मालकांची संमती लागते, तीन चतुर्थांश मतांनी. गावकऱ्यांना मत नसतं.

शिवाय बेसबॉलला एक जुनं कायदेशीर कवच आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. शंभर वर्षं झाली, तो निकाल अजून उभा आहे. कोणत्या संघाने कुठल्या जिल्ह्यात स्टेडियम बांधायचं, हे मालकांची संघटना ठरवते ती या कवचाच्या जोरावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सॅन होजेच्या वेळी लागेल.

फिलाडेल्फिया का सुटलं?

पैशांपायी. कॉनी मॅक नावाचा माणूस १९०१ ते १९५० अशी सलग पन्नास वर्षं संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होता आणि मालकीतही होता. त्याने १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० अशी पाच वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) विजेतेपदं मिळवली. पण दोनदा, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला आणि पुन्हा महामंदीत, हाताशी पैसा नाही म्हणून त्याने आपले उत्तमोत्तम खेळाडू विकून टाकले. संघ तळाला गेला, लोक पांगले. १९५४ च्या अख्ख्या हंगामात जेमतेम तीन लाख तिकिटं खपली. मॅक कुटुंबाने संघ विकला आणि तो मध्य-पश्चिमेला निघून गेला.

संघाचं बोधचिन्ह हत्ती आहे, तेही फिलाडेल्फियातलंच. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन मॅग्रॉने या संघाला ‘पांढरा हत्ती’ म्हणून हिणवलं. मॅकने तीच शिवी उचलून संघाचं चिन्ह केली. आपल्याकडचे लोक हत्ती बघून खूश होतात आणि गणपतीशी नातं जोडतात. नातं नाही, पण माझ्या मुलीला लहानपणी हा संघ आवडायला तेवढं कारण पुरलं होतं.

कॅन्सस सिटीत काय झालं?

तेरा हंगाम, आणि त्यातला एकही असा नाही की संघाने हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले. मालक अरनॉल्ड जॉन्सन हे आधी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचे मालक होते. आपले चांगले खेळाडू यांकीज संघाला देऊन टाकायची संघाला सवयच लागली होती; रॉजर मॅरिस त्यातलाच. १९६० मध्ये जॉन्सन वारले आणि विम्याच्या धंद्यात पैसा केलेल्या चार्ली फिनली यांनी संघ घेतला. आजचा हिरवा-सोनेरी गणवेश त्यांचा, पांढरे बूटही त्यांचेच. त्यांनी चार्ली ओ नावाचं एक खेचर पाळलं होतं आणि ते मैदानावर मिरवायचं. पण गावाशी आणि नगरपालिकेशी त्यांचं कधी जमलं नाही, आणि १९६८ मध्ये त्यांनी ओकलंड गाठलं.

ओकलंडमधले चांगले दिवस कोणते?

पहिल्या महिनाभरातच कॅटफिश हंटर या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, परफेक्ट गेम टाकला: २७ बॅटर आले, २७ बाद झाले, एकही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यापर्यंत, पोचला नाही. ती तारीख ८ मे १९६८. पुढे १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन विजेतेपदं आली. रेजी जॅक्सन, हंटर, रॉली फिंगर्स, व्हायडा ब्लू, सॅल बँडो, कँपानेरिस. फिनली यांनी मिशा ठेवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तीनशे डॉलर दिले होते. फिंगर्सची वर पीळ दिलेली मिशी आठवणीत राहिली ती तेव्हापासून.

मग फ्री एजन्सी आली, म्हणजे खेळाडूंना करार संपल्यावर दुसरीकडे जायची मोकळीक मिळाली. फिनली यांनी पगार वाढवायचं नाकारलं आणि तो सोन्यासारखा संघ दोन-तीन वर्षांत उसवला.

दुसरा सुकाळ १९८० नंतरचा. लीव्हाय स्ट्रॉस जीन्सवाल्या हास कुटुंबाने संघ विकत घेतला, पैसा ओतला, शाळांत-वस्त्यांत माणसं पाठवली. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षं संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला. १९८९ ची मालिका खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी होती. तिसरा सामना सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी, १७ ऑक्टोबरला संध्याकाळी, लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. ओकलंडमधला दुमजली हमरस्ता खाली आला, त्यात माणसं दगावली. मालिका दहा दिवस थांबली. ए’जनी चारही सामने जिंकले, पण मिरवणूक काढायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. ते संघाचं नववं आणि आजवरचं शेवटचं विजेतेपद.

रिकी हेंडरसनचं नाव निघालं की लोक हळवे का होतात?

कारण तो ओकलंडच्याच रस्त्यांवर वाढलेला. बेसबॉलमध्ये बेसवर उभा असलेला खेळाडू पिचरची नजर चुकवून पुढचा बेस ‘चोरू’ शकतो. क्रिकेटमधली चोरटी धाव आठवा, पण बॅटला चेंडू न लागता घेतलेली. रिकीने १९८२ मध्ये एका हंगामात १३० बेस चोरले आणि कारकीर्दीत १,४०६. दुसऱ्या क्रमांकाचा लू ब्रॉक ९३८ वर आहे. हा फरक वाचून पुन्हा एकदा वाचा. पहिल्या आणि दुसऱ्यात इतकं अंतर असलेला विक्रम मोठ्या खेळांत क्वचित सापडेल. कोलिझियमच्या मैदानाला २०१७ मध्ये त्याचं नाव दिलं. ओकलंडमधल्या शेवटच्या सामन्याआधी पहिला चेंडू टाकायला तो आला होता, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबर २०२४ ला गेला. इथल्या लोकांच्या मनात ही दोन दुःखं एकमेकांत मिसळली आहेत, ती आता वेगळी काढता येत नाहीत.

कोलिझियम खरंच इतकं वाईट स्टेडियम होतं का?

जुनं होतं, गळकं होतं. २०१३ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये मैलापाणी तुंबलं त्याच्या बातम्या देशभर झाल्या. शेवटच्या वर्षांत मांजरांचा सुळसुळाट होता. हे सगळं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

पण मूळ १९६६ चं कोलिझियम फार देखणं होतं, असं जुने लोक सांगतात, आणि फोटोंतही ते दिसतं. जमिनीत खोलगट उतरलेलं गोल मैदान आणि मागच्या उघड्या बाजूला ओकलंडच्या टेकड्या, उन्हाळ्यात पिवळ्याधमक. १९९५ मध्ये रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ लॉस एंजेलिसहून परत आला. त्याच्यासाठी ती उघडी बाजू काँक्रीटच्या उंच भिंतीने आणि हजारो खुर्च्यांनी बंद करून टाकली. रेडर्सच्या मालकाच्या नावावरून लोकांनी त्या ढिगाऱ्याला ‘माउंट डेव्हिस’ म्हटलं. टेकड्या गेल्या. पुढे वरच्या खुर्च्या बेसबॉलला भरत नाहीत म्हणून त्यांच्यावर ताडपत्री टाकली. म्हणजे बेसबॉलच्या स्टेडियमचा चेहरा फुटबॉलसाठी बिघडवला आणि नंतर तो फुटबॉल संघही लास व्हेगसला गेला. या बांधकामामुळे १९९६ च्या हंगामाच्या सुरुवातीला ए’जना घरचे सहा सामने दुसरीकडे खेळावे लागले होते. कुठे? लास व्हेगसला.

खेळाच्या दृष्टीने सांगायचं तर इथे फाउल लाइनच्या बाहेरची जागा अफाट होती. क्रिकेटमध्ये चेंडू मागे गेला तरी खेळात असतो; बेसबॉलमध्ये ठरलेल्या दोन रेषांच्या, म्हणजे फाउल लाइनच्या, बाहेर गेलेल्या फटक्यावर धावा काढता येत नाहीत, पण त्याचा झेल घेतला तर बॅटर बाद होतो. दुसऱ्या मैदानांवर जो चेंडू प्रेक्षकांत पडला असता, तो इथे आरामात झेलला जायचा. पिचर इथे खूश, बॅटर वैतागलेले.

आणि आवाज. उजव्या बाजूच्या बाकांवर ढोल, झेंडे, सबंध नऊ डाव. वानखेडेवर आपण जी लाट करतो, हात वर करून उठायची, तिची पहिली चित्रित नोंद याच स्टेडियमची आहे: १५ ऑक्टोबर १९८१, यांकीजविरुद्धचा सामना. क्रेझी जॉर्ज नावाच्या ढोलकवाल्या चीअरलीडरने ती सुरू केली होती.

बार्टच्या स्टेशनातून स्टेडियमकडे जाणारा एक लांब पादचारी पूल होता, दोन्हीकडे जाळी. पुलावर टोप्या, पाण्याच्या बाटल्या, परतलेल्या कांद्यातले हॉटडॉग विकणारे. त्या कांद्याचा वास आला की माझी मुलगी हात सोडून पुढे पळायची. आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्क बाई बसायच्या, मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल. त्यांनी माझ्या मुलीला स्कोअर लिहायला शिकवलं: प्रत्येक खेळाडूला एक आकडा, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, आणि तसंच पुढे. ‘६-४-३’ एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे दिला, तिथून पहिल्या बेसकडे, आणि दोघे बाद, ही सगळी हकिगत आली.

ब्रॅड पिटचा तो सिनेमा याच संघावर आहे ना?

हो, ‘मनीबॉल’, २००२ च्या हंगामावर. जनरल मॅनेजर बिली बीन यांच्याकडे पगाराला पैसा कमी, म्हणून इतरांनी कमी लेखलेले खेळाडू आकडेवारीवरून हेरायचे, ही त्यांची रीत. त्या वर्षी संघाने १०३ सामने जिंकले, त्यात सलग वीस. विसाव्या सामन्यात ११-० ची आघाडी घालवून ११-११ झाले आणि स्कॉट हॅटबर्गच्या होम रनवर, म्हणजे षटकारासारख्या फटक्यावर, सामना सुटला. मात्र सिनेमा पाहून ‘गरिबी हीच यांची हुशारी’ असा समज झाला, तो पुढे संघाला महाग पडला. काटकसर ही अडचण होती, तिचं धोरण झालं.

लोकच येत नव्हते, म्हणून संघ गेला. बरोबर ना?

हे पान लिहायला घेतलं ते मुख्यतः या प्रश्नासाठी. नाही. क्रम उलटा आहे.

आकडे बघा. १९७९, फिनली यांचा शेवटचा-आधीचा हंगाम. संघ उसवलेला, मालकाला विकून मोकळं व्हायचंय. वर्षभरात तीन लाख सहा हजार प्रेक्षक; एप्रिलमधल्या एका सामन्याला अधिकृत संख्या ६५३. आता १९९०. तेच गाव, तेच स्टेडियम, हास कुटुंबाची मालकी, जिंकणारा संघ: २९ लाख. अकरा वर्षांत ओकलंडची माणसं बदलली नव्हती.

अलीकडचं घ्या. २ ऑक्टोबर २०१९, वाइल्ड कार्डचा एकच बाद फेरीचा सामना, ताडपत्री काढून टाकलेली: ५४,००५ लोक आले. त्यानंतर काय झालं? २०२१ चा हंगाम संपल्यावर मॅट ओल्सन, मॅट चॅपमन आणि पुढे शॉन मर्फी असे मोहरे एकेक करून दुसऱ्या संघांना देऊन टाकले. मॅनेजर बॉब मेल्विन यांनाही जाऊ दिलं. तिकिटं महाग केली. सोबत ‘व्हेगस बघतोय’ हे जाहीर बोलणं चालूच होतं. २०२२ मध्ये प्रेक्षक आठ लाखांच्या खाली आले. दुकानातला चांगला माल हलवायचा, भाव वाढवायचा, दारावर ‘लवकरच बंद’ अशी पाटी लावायची आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, हा न्याय कुठला?

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी ‘उलटा बहिष्कार’ पुकारला. म्हणजे स्टेडियम भरून दाखवायचं. मंगळवारची संध्याकाळ, संघ हंगामात तळाला, तरी २७,७५९ लोक. हिरवे शर्ट, त्यांवर एकच शब्द: ‘विका’. पाचव्या डावाच्या सुरुवातीला पहिल्या बॅटरपुरतं सगळं स्टेडियम ठरवून गप्प बसलं. ती शांतता मी कधी विसरणार नाही. पलीकडच्या ट्रेनचा आवाज ऐकू येत होता. मग एकदम ‘संघ विका’ असा घोष उठला. ए’जनी तो सामना २-१ असा जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने व्हेगसच्या स्टेडियमसाठी पैसे देणारं विधेयक मंजूर केलं.

मग ओकलंडमध्ये किंवा जवळपास नवं स्टेडियम का झालं नाही?

प्रयत्न पुष्कळ झाले. एक इथेच, आमच्या फ्रीमाँटमध्ये; २००९ मध्ये तो बारगळला. मग सॅन होजे. तिथे जायंट्स आडवे आले, कारण सॅन होजेचा सँटा क्लारा परगणा बेसबॉलच्या नकाशावर त्यांच्या वाट्याला आहे. तो वाट्याला आला कसा? १९९० च्या सुमाराला जायंट्सना तिथे स्टेडियम बांधायचं होतं, तेव्हा ए’जच्या वॉल्टर हास यांनी शेजारधर्म म्हणून मोबदला न घेता संमती दिली. जायंट्सचं ते स्टेडियम मतदारांनी नाकारलं, हक्क मात्र त्यांच्याकडेच राहिला. हास यांच्या दिलदारपणाची किंमत ए’जना वीस वर्षांनी मोजावी लागली. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, आणि वर सांगितलेल्या १९२२ च्या निकालावर आपटलं.

२०१७ मध्ये लेनी कॉलेजशेजारची जागा सुचवली, कॉलेजने नकार दिला. २०१८ मध्ये बंदरातलं हॉवर्ड टर्मिनल पुढे आलं: पाण्याकाठी स्टेडियम, सोबत तीन हजार घरं, दुकानं, एकूण बारा अब्ज डॉलरचा पसारा. माझ्या मते चूक इथे झाली. स्टेडियमच्या पोटी एवढं मोठं नगर बांधायचं म्हटलं की दहा खात्यांच्या परवानग्या आणि दहा वाद आलेच. कोलिझियमचीच जागा, जिथे बार्ट आहे, हमरस्ता आहे, पार्किंग आहे, ती हातात असताना ती डावलली. शहरानेही वेळ लावला, हे मान्य करायला हवं. तरी पर्यावरण मंजुरी झाली होती, रस्त्यांसाठी सरकारी निधी येत होता, बोलणी चालू होती. एप्रिल २०२३ मध्ये एका रात्री बातमी आली की संघाने व्हेगसमध्ये जागेचा करार केला. नोव्हेंबरात मालकांनी मतदान केलं: तीसपैकी तीस मतं बाजूने.

सध्याचे मालक जॉन फिशर, गॅप कपड्यांच्या दुकानांच्या कुटुंबातले. २००५ मध्ये त्यांनी आणि लुईस वोल्फ यांनी संघ १८ कोटी डॉलरला घेतला होता.

शेवटच्या सामन्याला तुम्ही होतात का?

होतो. २६ सप्टेंबर २०२४, गुरुवारची दुपार, ४६,८८९ माणसं. टेक्सस रेंजर्सविरुद्ध ३-२ ने जिंकलो. शेवटचा बाद ५-३: तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे फेक. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तो आकडा लिहिला, पेन्सिल कानामागे ठेवली आणि बराच वेळ वही मिटली नाही. मॅनेजर मार्क कॉट्से यांनी माइक हातात घेऊन लोकांचे आभार मानले आणि शेवटची एकदा ‘लेट्स गो ओकलंड’ची आरोळी दिली. मैदानाची निगा राखणारे कर्मचारी लोकांना बेसजवळची लाल माती देत होते. कुणी कपात घेतली, कुणी पिशवीत. आमच्याकडे ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे.

सॅक्रामेंटोच का? आणि तिथे कसं चाललंय?

ओकलंडशी कोलिझियमच्या भाड्याची बोलणी फिसकटली, आणि व्हेगसचं स्टेडियम तयार व्हायला तीन-चार वर्षं होती. सॅक्रामेंटो बे एरियाच्या, म्हणजे ओकलंड-सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या, टीव्ही प्रक्षेपणाच्या हद्दीत येतं, त्यामुळे प्रक्षेपणाचे पैसे बुडत नाहीत. हे कारण मोठं.

दुसरं कारण माणसाचं आहे, आणि ते आपल्या ओळखीचं. वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्क हे रिव्हर कॅट्स या कनिष्ठ संघाचं मैदान. २००० सालचं, साधारण चौदा हजार लोकांचं, त्यातले काही गवताच्या उतारावर. रिव्हर कॅट्स हा संघ सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाच्या मालकांचा, आणि त्यांचे प्रमुख विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. २०१३ मध्ये किंग्ज सिएटलला निघाले होते, तेव्हा रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेऊन गावातच ठेवला. ज्या गावाने आपला संघ जाता जाता वाचवला, त्याच गावाने शेजाऱ्याचा गेलेला संघ उतरून घेतला. सॅक्रामेंटोच्या लोकांवर माझा राग नाही. मोठ्या लीगमध्ये आपलं नाव यावं असं कुठल्या गावाला वाटत नाही?

मैदान छोटं आणि सुंदर आहे, टॉवर ब्रिज समोर. पण ते मोठ्या लीगसाठी बांधलेलं नव्हतं. खेळाडूंच्या खोल्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणापलीकडे. सामना चालू असताना सहज आत जाऊन यायची सोय नाही. जुलैत पारा चाळिशीला टेकतो. ३१ मार्च २०२५ चा पहिलाच सामना शिकागो कब्जनी १८-३ असा धुतला. हंगामभराची सरासरी सामन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास राहिली. ओकलंडच्या शेवटच्या वर्षीची सरासरी अकरा हजारांवर होती.

व्हेगसचं स्टेडियम खरंच होतंय का?

होतंय. मलाही बरेच दिवस शंका होती. स्ट्रिप या कॅसिनोंच्या हमरस्त्यावरचं जुनं ट्रॉपिकाना हॉटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडलं, जून २०२५ मध्ये भूमिपूजन झालं. जागा अवघी नऊ एकर. क्षमता ३३ हजार, म्हणजे मोठ्या लीगमधली सगळ्यांत लहान स्टेडियमं मोजली तर त्यांतलं एक. डॅनिश वास्तुरचनाकार ब्यार्के इंगल्स यांच्या कंपनीचा आराखडा: एकावर एक चढवलेले पाच कवचांसारखे पापुद्रे, खवल्या मांजराच्या पाठीसारखे. छप्पर कायमचं बंद, कारण वाळवंटातला उन्हाळा. नेवाडा राज्य आणि परगणा मिळून जास्तीत जास्त ३८ कोटी डॉलर देणार, बाकी मालकाचे. खर्च दीड अब्जावर सुरू झाला, आता दोन अब्जांवर गेलाय. तीस वर्षं हलायचं नाही, असा करारही आहे. २०२६ च्या वेळापत्रकात जून महिन्यात घरचे सहा सामने व्हेगसच्या एका छोट्या मैदानावर ठेवलेत. १९९६ लाही सहाच होते.

संघ तरी चांगला आहे का?

आहे, आणि हे सांगताना घशात काहीतरी अडकतं. २०२३ मध्ये ५० विजय आणि ११२ पराभव होते. २०२५ मध्ये ७६ आणि ८६. निक कर्ट्झ या पहिल्याच वर्षातल्या पोराने २५ जुलै २०२५ ला ह्यूस्टनमध्ये एका सामन्यात चार होम रन मारले. नवोदित खेळाडूने असं कधीच केलं नव्हतं. तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, एकमताने, आणि दुसरा आला तोही ए’जचाच, शॉर्टस्टॉप जेकब विल्सन. ब्रेंट रूकर आणि लॉरेन्स बटलर यांच्याशी दीर्घ मुदतीचे करार झालेत, लुईस सेव्हरिनोला तीन वर्षांचे ६ कोटी ७० लाख डॉलर दिले. कमी आहे ती पिचिंगची. तरीही २०२५ मध्ये मेसन मिलर हा संघातला सगळ्यांत वेगवान पिचर सॅन डिएगोला देऊन लिओ डी व्रीस हा कोवळा शॉर्टस्टॉप घेतला. म्हणजे नजर २०२८ वर आहे. असे करार ओकलंडमध्ये असताना झाले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

व्हेगसमध्ये संघ चालेल?

पहिली दोन-तीन वर्षं नक्की चालेल. व्हेगसला वर्षाला चार कोटींच्या आसपास पर्यटक येतात आणि पाहुण्या संघांचे चाहते सुट्टी काढून येतील. पुढचं मला अवघड दिसतं. फुटबॉलला घरचे सामने आठ-नऊ, बेसबॉलला ८१. मंगळवारी संध्याकाळी ऑगस्टच्या उन्हातून कोण येणार, तर गावात राहणारे. त्यांतले बरेच कॅसिनोत रात्रपाळी करणारे. आणि मोठ्या लीगच्या गावांत व्हेगसचा टीव्ही बाजार लहानांत लहान. स्थानिक माणसांना परवडेल असं तिकीट ठेवलं आणि चांगले खेळाडू राखले तर गाव संघाला आपलं म्हणेल. व्हेगसच्या हॉकी संघाला लोकांनी असंच आपलं म्हटलंय, कारण तो तिथेच जन्मला.

ओकलंडमध्ये आता बेसबॉल उरलंच नाही का?

उरलंय. ओकलंड बॉलर्स नावाचा स्वतंत्र संघ २०२४ पासून वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कात खेळतो. छोटी लीग, छोटं मैदान, चाहत्यांना मालकीत भाग घ्यायची सोय, आणि २०२५ मध्ये पायोनियर लीगचं विजेतेपदही त्यांचंच. शहरात बेसबॉलचं असं विजेतेपद १९८९ नंतर पहिल्यांदा आलं. पुढच्या रांगेतल्या त्या बाई तिथे येतात. वही नवी, पेन्सिल कानामागेच.

सॅक्रामेंटोला सामना पाहायला जायचं तर कसं जावं?

जायला लाज वाटायचं कारण नाही. खेळणाऱ्या पोरांनी कुणाचं गाव सोडलेलं नाही. फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनावरून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी थेट सॅक्रामेंटोला जाते. तिथून टॉवर ब्रिज ओलांडून चालत पोचता येतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, सामना लांबला तर चुकते. जुलै-ऑगस्टात दुपारचा सामना टाळा. संध्याकाळचा घ्या, अंधार पडता पडता नदीच्या मुखाकडून गार वारा सुटतो. टोपी कुठलीही घाला, पण ‘ओकलंड’ लिहिलेली घातलीत तर रांगेत कुणीतरी मागे वळून तुमच्याशी बोलेलच.